मठ्ठ मधमाशीच्या बाजूनं

आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात, लिहून दिलेल्या सूचनांवर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर नवीन पोरगं आलं की पहिल्या महिन्यात ते एकदा तरी म्हणतंच, "पण मला तसं म्हणायचं नव्हतं." प्रोग्रॅममध्ये एक्स शंभर लिहिलेलं असतं, पुढचं दशांशाचं टिंब राहिलेलं असतं. कंट्रोलर ते शंभर मिलिमीटर धरत नाही, शंभर मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग, धरतो. कापणारं टूल जागचं हललंय असं वाटतसुद्धा नाही. पुढच्या ओळीला ते निमूट खाली उतरतं आणि नको तिथं जॉबमध्ये, म्हणजे कापायला लावलेल्या धातूत, घुसतं. पोरगं मशीनकडं बघतं ते विश्वासघात झाल्यासारखं. मशीनचा काय दोष? सांगितलं तेवढं त्यानं केलं.

गेल्या पावसाळ्यात हेच वाक्य मी एका साडेचार वर्षांच्या मुलीच्या तोंडून ऐकलं. आमची अक्का मंगळवार पेठेत बालवाडी चालवते. बावीस मुलं, एक मदतनीस मावशी, एक मोठी खोली आणि मागं पत्र्याची शेड. तिच्या दिराची मुलगी इंग्लंडात असते. तिनं येताना दोन पिवळ्या-काळ्या मधमाश्या आणल्या. बी-बॉट म्हणतात त्यांना. तळहातावर बसेल एवढं चाकांवरचं खेळणं, पाठीवर सात बटणं : पुढं, मागं, डावीकडं वळ, उजवीकडं वळ, थांब, पुसून टाक आणि मधोमध हिरवं 'गो'. बटणं ओळीनं दाबायची. दाबताना काही होत नाही. 'गो' दाबलं की सगळ्या सूचना त्याच क्रमानं पार पडतात. एक सूचना म्हणजे पंधरा सेंटिमीटर किंवा जागच्या जागी काटकोनात वळण. पडदा नाही, ॲप नाही, बोलणं नाही.

अक्कानं एका वाढदिवसाच्या फ्लेक्सची पाठ घेतली. कोल्हापुरात पांढऱ्या फ्लेक्सचा तुटवडा कधी पडायचा नाही. नेत्यांचे चेहरे जमिनीकडं, कोरी बाजू वर. त्यावर पंधरा-पंधरा सेंटिमीटरच्या चौकटी आखल्या आणि मुलांकडून चित्रं काढून घेतली : घर, भवानी मंडप, रंकाळा, गुऱ्हाळ, पंचगंगेचा घाट. काम असं, की मधमाशीला घरातून रंकाळ्यावर भेळ खायला न्यायचं. रंकाळा घरापासून दोन चौकटी पुढं आणि एक उजवीकडं.

"मी दाबतो, मी दाबतो," करत ती मुलगी पुढं आली. (आमच्याकडच्या मुली 'मी जातो, मी येतो' म्हणतात. पुण्याचे पाहुणे हसतात, आम्ही त्यांना तांबडा रस्सा वाढतो.) तिनं पुढं, पुढं, उजवीकडं अशी तीन बटणं दाबली आणि 'गो'. मधमाशी दोन चौकटी गेली, उजवीकडं वळली आणि रंकाळ्याकडं तोंड करून अलीकडच्याच चौकटीत उभी राहिली. मुलीला वाटलं होतं, उजवं बटण दाबलं की ती उजवीकडं सरकेल. मोठ्या माणसांनाही पहिल्यांदा तसंच वाटतं. मलाही वाटलं होतं.

"अगं जा की," ती मधमाशीला म्हणाली. मग विचार करून 'पुढं' एकदा दाबलं आणि 'गो'. आता खरी मजा झाली. मधमाशी रंकाळ्यात शिरली, थांबलीच नाही, पलीकडच्या चौकटीत गेली, तिथं पुन्हा उजवीकडं वळली आणि एक घर खाली येऊन गुऱ्हाळावर उभी राहिली. पोरं खिदळली. "गूळ खायला गेली!" मुलगी रडकुंडीला. "मी असं कुठं सांगितलं?"

अक्का गप्प. मला सांगायची घाई झाली होती, तिनं डोळ्यांनी दटावलं. मागं बसलेला एक पोरगा, जो अक्काच्या म्हणण्याप्रमाणं महिनाभरात कुणाशी धड बोलला नव्हता, तो म्हणाला, "तिच्या पोटात आधीचं हाय."

बरोबर होतं. पुसायचं बटण दाबलं नाही तर आधीच्या सूचना तशाच राहतात, नव्या त्यांच्या मागं चिकटतात. तिनं एक सूचना दिली असं तिला वाटलं होतं, मधमाशीनं चार पाळल्या. अक्का एवढंच म्हणाली, "आता तूच मधमाशी हो. काय काय सांगितलंस ते चालून दाखव." मुलगी फ्लेक्सवर उभी राहिली. पंधरा सेंटिमीटर म्हणजे त्या वयाचं जवळपास एक पाऊल. पावलाला पाऊल लावून दोनदा पुढं, मग वळली, आणि तशीच थांबली. "वळलो... आणि चाललोच नाही की!"

त्यानंतर पुसणं, चार बटणं, 'गो' आणि रंकाळा हे सगळं मिनिटभरात झालं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

माझं म्हणणं या प्रसंगातूनच निघतं, आणि ते खेळणी विकणाऱ्यांच्या म्हणण्याच्या बरोबर उलट आहे. ते म्हणतात, हे खेळणं स्मार्ट आहे. मी म्हणतो, हे खेळणं मठ्ठ आहे आणि लहान मुलांच्या शिक्षणात त्याची जागा आहे ती त्या मठ्ठपणामुळंच.

चार वर्षांच्या मुलाभोवती जी माणसं असतात ती सगळी कमालीची समजूतदार असतात. ते "ते दे" म्हणालं की आई ते नेमकं काय ते ओळखते. अर्धं वाक्य बोललं की आजी उरलेलं पुरं करते. चांगली बाई तर मूल तोंड उघडायच्या आधीच ओळखते की याला शी लागलीय. हे असायलाच हवं, याशिवाय मूल वाढत नाही. पण त्यामुळं आपण काय बोललो आणि आपल्या मनात काय होतं, यात फरक असू शकतो हे मुलाला कळायचं कारणच पडत नाही. तो फरक दाखवायला अर्धं ऐकून पुरं न समजणारं कुणीतरी लागतं. माणूस तसा वागला तर तो दुष्टपणा ठरेल. मधमाशी तशी वागते तेव्हा मूल आधी चिडतं, मग हसतं, मग खाली बसून विचार करतं.

ही कल्पना आजकालची नाही. १९६७ साली अमेरिकेत वॉली फर्झाइग, सेमूर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी 'लोगो' ही संगणकाची भाषा तयार केली. पुढं जमिनीवर चालणारं एक यंत्रकासव तिला जोडलं गेलं. पॅपर्ट त्याआधी जिनिव्हात बालमानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजेंबरोबर काम करून आलेले. त्यांचा आग्रह असा की कासव कुठं जाईल हे कळत नसेल तर मुलानं स्वतः कासवाच्या जागी उभं राहून चालून बघावं. अक्कानं मुलीला फ्लेक्सवर उभं केलं ते हेच. अक्कानं पॅपर्टचं नाव ऐकलेलं नाही.

याहून मला भावते ती रेडिया पर्लमन यांची गोष्ट. १९७० च्या दशकात एमआयटीत शिकत असताना त्यांना वाटलं, लोगो लिहायला अक्षरं यावी लागतात, मग अक्षरं न येणाऱ्यांचं काय? त्यांनी शाळेत जायच्या आधीच्या वयाच्या मुलांसाठी बटणांची पेटी केली. बटण दाबलं की कासव हलणार. नंतर खाचांत खोचायच्या सूचनांच्या पट्ट्या केल्या. आजच्या मधमाशीची ती पणजी. याच बाईंनी पुढं संगणकांच्या जाळ्यात निरोप गोल-गोल फिरत राहू नयेत म्हणून स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल रचला, जो आज ऑफिसा-ऑफिसांतल्या नेटवर्क स्विचमध्ये चालतो. त्याच दशकात, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, आपल्याकडं एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द सरकारी झाला. दोन्ही प्रवाह एकाच वेळी निघाले. भेटले नाहीत.

अंगणवाडी म्हटलं की आक्षेप लगेच येतो, आणि तो फालतू नाही. ताराबाई मोडकांनी माँटेसरीची महागडी साधनं बाजूला ठेवून आपल्या मातीतली साधनं घेतली. १९४५ ला बोर्डीत आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांच्या साथीनं बालशिक्षण अंगणात आणि कुरणात नेलं. बिया, पानं, शिंपले, खडे. त्या महाराष्ट्रात आपण प्लॅस्टिकची परदेशी माशी आणायची? गावोगावच्या बालवाड्यांत ज्येष्ठ बाई हे बोलतात तेव्हा मी खाली मान घालून ऐकतो. कोल्हापुरातच लीलाताई पाटलांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय काढलं, तिथंही भर होता मुलाच्या अनुभवावर. बाजारात काय आलंय त्यावर नव्हता.

पण माँटेसरीच्या साधनांचा एक गुण लोक विसरतात. त्यांतली चूक साधनच दाखवतं. लाकडी ठोकळ्याच्या भोकांत बसवायच्या दहा दट्ट्यांपैकी एक चुकीच्या भोकात गेला की शेवटचा बसत नाही, बाईंना 'चुकलास' म्हणावं लागत नाही. ताराबाईंनी साधनं स्वस्त केली, हे तत्त्व टाकलं नाही. आता बघा : खडे मोजायला उत्तम, बिया रचायला उत्तम. पण खड्याला सूचना देता येत नाही. 'आधी हे, मग ते' या क्रमातली चूक खडा दाखवू शकत नाही, कारण खडा हलवणारा हात मुलाचाच असतो आणि हात चालता-चालता चूक सावरून घेतो. मधमाशीत सांगणं आणि होणं यांच्यामध्ये एक फट आहे. सगळ्या सूचना आधी द्याव्या लागतात आणि मग हात मागं घेऊन बघत बसावं लागतं. साधन म्हणून तिची किंमत त्या फटीची आहे. ताराबाई असत्या तर त्यांनी ती लाकडात बनवून मागितली असती असं मला वाटतं. ताराबाईंच्या तोंडी काही घालायचा मला अधिकार नाही, तरी वाटतं.

शिवाय आपल्या खेळांत याची अर्धी तयारी आहेच. तळ्यात-मळ्यात हा खेळ म्हणजे सूचना ऐकून तेवढंच करणं, आणि 'मळ्यात' असताना पुन्हा 'मळ्यात' आलं तर न हलणं. जिबली म्हणा, ठिकरी म्हणा, चौकटींतून ठरलेल्या क्रमानं उडी. ठिपक्यांची रांगोळी तर सरळ जाळीच आहे. अक्का मधमाशी काढायच्या आधी आठ-पंधरा दिवस हेच खेळवते. एकाचे डोळे बांधायचे, दुसऱ्यानं त्याला फक्त 'एक पाऊल पुढं', 'डावीकडं वळ' एवढंच म्हणत दारापर्यंत न्यायचं. यात डावं-उजवं कुणाचं, हा झगडा होतोच. समोर तोंड करून उभ्या असलेल्याचं उजवं आपल्या डाव्या बाजूला येतं हे चार वर्षांच्या मुलाला पटवणं सोपं नाही. "तिचा जेवायचा हात कुठला?" हा अक्काचा प्रश्न. एका पोरानं मधमाशीच्या उजव्या अंगाला स्केचपेननं भाताचं शित काढलं. ते अजून आहे.

आमच्या धंद्यात यालाच जी-९० आणि जी-९१ चा फरक म्हणतात. पहिल्यात माप ठरलेल्या शून्यापासून, दुसऱ्यात आत्ता टूल जिथं आहे तिथून. आयटीआय होऊन आलेली मुलं यात गडबडतात. जॉब लावायच्या आधी टूल वरच्या वर, न कापता, फिरवून बघायचं, याला आम्ही ड्राय रन म्हणतो. एकेक ओळ थांबून-थांबून चालवायची, ते सिंगल ब्लॉक. मुलगी फ्लेक्सवर पावलं टाकत होती तो शुद्ध ड्राय रन होता. पण यावरून कुणी असा निष्कर्ष काढू नये की बालवाडीतच सीएनसी ऑपरेटर तयार करावेत. मला तीच भीती आहे.

कारण बाजार हे खेळणं 'कोडिंग' म्हणून विकतोय. २०२० च्या टाळेबंदीत सहा वर्षांच्या पोरांनी ॲप बनवून कोट्यधीश व्हायच्या जाहिराती सगळ्यांनी बघितल्या. आता तीच भाषा वय कमी करून बालवाडीत उतरलीय. आमच्या शहरातल्या चकचकीत प्ले-स्कूलांच्या माहितीपत्रकात 'रोबोटिक्स लॅब' हा शब्द नर्सरीच्या पानावर आलाय. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये कोडिंग येतं ते माध्यमिकपूर्व टप्प्यात, सहावीपासून. तीन ते आठ वयाच्या पायाभूत टप्प्यासाठी तेच धोरण खेळ, कृती, गाणी, भाषा यांचं नाव घेतं. म्हणजे मधमाशी बालवाडीत आणायची तर ती खेळ म्हणून आणि बोलण्याचं निमित्त म्हणून आणावी लागेल. तिचा तास लावला, वही केली, प्रमाणपत्र छापलं की ती मेली.

ज्या इंग्लंडातून ही मधमाशी आली तिथलं उदाहरण मासलेवाईक आहे. २०१४ पासून तिथं पाच वर्षांच्या मुलांच्या अभ्यासक्रमात संगणनाचा विषय आला : अल्गोरिदम म्हणजे काय ते समजणं, साधे प्रोग्रॅम करणं, त्यातल्या चुका शोधणं. पण त्याखालच्या वयासाठी, जन्मापासून पाचपर्यंत, जी चौकट आहे, तिच्या उद्दिष्टांतून 'तंत्रज्ञान' हे वेगळं उद्दिष्ट २०२१ मध्ये चक्क काढून टाकलं. वर्गांतून मधमाश्या हद्दपार झाल्या नाहीत. मुलाला तंत्रज्ञान 'आलं' की नाही याची खूण करायची सक्ती तेवढी गेली. मला हे शहाणपणाचं वाटतं. आपल्याकडं नेमकं उलट व्हायची शक्यता जास्त : खेळणं येणार नाही, रकाना येईल.

फायद्याचे पुरावे कुणी मागेल. अमेरिकेत टफ्ट्स विद्यापीठात मरीना बर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवाडीच्या वयाच्या मुलांवर केलेलं काम २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. आठवडाभर रोबोटचं काम केल्यावर चित्रं लावून गोष्टीचा क्रम जुळवण्यात मुलं सुधारली, असं त्यात दिसलं. माझ्यातला संशयी माणूस विचारतो, आठवडाभर आजीनं रोज चार गोष्टी सांगून मध्येच "मग काय झालं?" विचारलं असतं तर? कदाचित तीही सुधारणा झालीच असती. म्हणून मी 'मेंदूचा विकास', 'भविष्यातली कौशल्यं' असल्या शब्दांवर माझं म्हणणं उभं करत नाही. एका मुलीला आपलं सांगणं बाहेरून दिसलं आणि एक अबोल पोरगा बोलला, एवढ्यावर करतो. अबोल पोरगं का बोललं यावर अक्काचं मत माझ्यापेक्षा चांगलं आहे. ती म्हणते, बाईंनी प्रश्न विचारला की उत्तर बाईंना आवडायला लागतं. मधमाशीला काही आवडत नाही.

आता 'स्मार्ट' खेळण्यांबद्दल. बाजारात बोलणारे, गाणारे, चेहरा ओळखणारे, मोबाईलवरून चालणारे रोबोट आले आहेत आणि दर वर्षी जास्त हुशार होत आहेत. माझा त्यांना विरोध आहे, आणि तो जुन्या माणसाचा नव्याला असतो तसा नाही. मी दिवसभर कंट्रोलरच्या पडद्यासमोर बसतो. जो रोबोट मुलाची चूक ओळखून स्वतःच रंकाळ्यावर जातो, तो पुन्हा आई झाला. आणि आई घरी आहे. त्यात मोबाईल आला की पडदा आला. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय की दोन ते चार वयाच्या मुलांनी दिवसात एका तासाहून जास्त वेळ पडद्यासमोर बसू नये, त्याहून कमी तर उत्तमच. तो तास आमच्या पेठेत सकाळी दूध पाजतानाच संपतो. खरेदीचा अधिकार ज्यांच्या हातात आहे त्यांना मी एवढंच विनवीन, की दोन नमुने समोर आले तर कमी गोष्टी येणारा घ्या.

आणि घ्यायचं कुणासाठी? इथं माझं अनेक शिक्षणप्रेमी मित्रांशी वाजतं. ते म्हणतात, अंगणवाडीत आधी पाणी, संडास, पंखा द्या, मग रोबोट. पाणी आणि संडास द्याच, त्याला वाद नाही. पण 'आधी-मग' हा हिशेब गरिबाच्या पोराला कायम 'मग'च्या रांगेत उभा करतो. कोल्हापुरात शिक्षणावर लिहायचं आणि शाहू महाराजांचं नाव घ्यायचं नाही असं होत नाही, तर घेतोच : १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता. तेव्हाही 'आधी पोट, मग पाटी' म्हणणारे शहाणे असणारच. प्ले-स्कूलच्या पोराला घरी दहा गोष्टी आहेत. त्याला मधमाशी मिळाली काय आणि नाही काय. मळ्यात राबणाऱ्या किंवा फौंड्रीत जाणाऱ्या आईबापाच्या पोराला ती अंगणवाडीतच भेटू शकते.

पण कशी भेटावी? जिल्ह्यातल्या एका शाळेत मी एक कपाट बघितलंय. वरच्या खणात खोक्यात चार छोटे रोबोट, सीलबंद. खोक्यावर देणगीदाराचं नाव. बाई म्हणाल्या, "साहेब आले की काढतो. मुलांनी फोडलं तर भरून कोण देणार?" त्यांना हसू नये. 'साहित्य जबाबदारीनं वापरावे' या एका ओळीखाली सही करून किती बायांच्या पगाराला धाक बसलाय हे सरकारी शाळेत काम केलेल्याला कळेल. २०२१ मध्ये राज्यभरच्या अंगणवाडी सेविकांनी पोषण आहाराच्या नोंदींसाठी दिलेले मोबाईल परत केले. फोन तापतात, बंद पडतात, ॲप इंग्रजीत, दुरुस्तीचा खर्च आमच्यावर, अशा तक्रारी होत्या. पुढं डिसेंबर २०२३ मध्ये मानधनासाठी त्या संपावर गेल्या तो दीड महिन्याहून जास्त चालला. अशा बाईच्या हातात आणखी एक वस्तू आणि आणखी एक रजिस्टर द्यायचं असेल तर मी माझं सगळं म्हणणं मागं घेतो. मधमाशी कपाटात बसण्यापेक्षा इंग्लंडात बसलेली बरी.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. अंगणवाड्यांचं बीट असतं, एका पर्यवेक्षिकेकडं वीसेक अंगणवाड्या. एका बीटला एक पेटी. पेटीत चार मधमाश्या, सेल, आखलेला एक जाड कापडी पट आणि एक कोरा. फिरत्या वाचनालयाची पेटी फिरते तशी ती पंधरा-पंधरा दिवस फिरवायची. मोडतोड धरूनच हिशेब करायचा, वर्षाला एक मधमाशी मोडणार असं लिहूनच ठेवायचं. आणि सेविकांचं दोन दिवसांचं शिबिर, ज्यात भाषण नको, त्यांनीच फ्लेक्सवर उभं राहून एकमेकींना रंकाळ्यावर न्यावं. मी अक्काच्या मैत्रिणींचं तसं एक बघितलंय. पन्नाशीच्या बाया डावं-उजवं चुकून एकमेकींवर आदळत होत्या आणि हसून-हसून पुरे झाल्या होत्या. त्यातल्या एकीनं नंतर विचारलं, "पोरं चुकल्यावर आम्ही लगेच सांगून टाकतो, नाही का?" शिबिराच्या खर्चाचा निम्मा मोबदला मला तिथंच वसूल वाटला.

पैशाचं म्हणाल तर परदेशी खेळणं महागच पडणार. बाहेरून येणाऱ्या खेळण्यांवरचा सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाला, २०२३ मध्ये ७०. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं. चिन्हाला माझा पाठिंबा आहे, पोरं सगळं तोंडात घालतात. पण मग ते इथं का बनू नये? आत फार काही नसतं : दोन छोट्या मोटारी, एक कंट्रोलर, सात बटणं, सेल. चाकाचा व्यास ४८ मिलिमीटर धरला की एका फेऱ्यात साधारण १५ सेंटिमीटर अंतर जातं, म्हणजे एक बटण, एक फेरा. पंप आणि ट्रॅक्टरचे भाग देशभर धाडणाऱ्या शहराला हे अवघड नाही. अवघड आहे ते चिन्हासाठीच्या तपासण्यांचा खर्च. दोनशे नगांसाठी तो कुठल्याच छोट्या शेडला परवडत नाही. दहा हजार नगांची ऑर्डर असेल तर परवडतो, आणि तेवढी ऑर्डर सरकारशिवाय कोण देणार?

तोवर मी एक केली. कामगारांच्या जेवणाच्या सुट्टीत, तीन रविवार घालवून. मधमाशी जमली नाही, पत्र्याचं कासव झालं. कडा घासून गोल केल्या, वर लाकडी पाठ लावली. अक्काच्या बालवाडीत ते श्रावणात गेलं. तिथल्या फ्लेक्सवर माझी चाकं थोडी घसरत होती, त्यामुळं काटकोनाला दोनेक अंश कमी पडत. मला ते मशीनवर दिसलंही नव्हतं. पोरांनी चौथ्याच वळणाला पकडलं. चार वेळा वळवून कासव घरी आलं पाहिजे होतं, ते दाराच्या अलीकडं तिरकं उभं. पोटातलं ओळखणारा तो पोरगा कासवाशेजारी पोटावर झोपला, एक डोळा मिटून रेघेवरून बघत राहिला आणि म्हणाला, "ही वाईच कमी वळती." मग त्यानं स्वतःच उपाय काढला : प्रत्येक दुसऱ्या वळणानंतर कुणीतरी तिला बोटानं हळूच ढकलायची. त्यावरून मुलांत वाद, की ढकललं तर ते चीटिंग का नाही.

मी पुढच्या रविवारी आकडा बदलून वळण बरोबर करून दिलं. अक्का वैतागली. "आणखी आठवडाभर राहू द्यायचं होतंस," म्हणाली, "आत्ता कुठं भांडण रंगात आलं होतं."